संगणक मध्येच हँग होतो? आधी वही उघडा, मग कॅबिनेट

जे यंत्र साफ बंद पडते, त्याचा दोष शोधणे सोपे असते. कारागिराला खरा त्रास देते ते कधी चालणारे आणि कधी अडणारे यंत्र. दुकानातील संगणक हे त्यातील सर्वात छळवादी यंत्र होय. चार दिवस सुरळीत चालतो आणि पाचव्या दिवशी, गिऱ्हाईक समोर उभे असताना, पडदा जागच्या जागी थांबतो. बटण दाबून बंद करावे, पुन्हा सुरू करावे, तर जणू काही झालेच नाही असा चालू लागतो. रिपेअरवाल्याला बोलवावे तर त्याच्यासमोर एकदाही हँग होत नाही.

आमच्या छपाईच्या दुकानात हा प्रकार जवळजवळ तीन महिने चालला. लग्नपत्रिकेतील निकाहची वेळ बदलून देण्याचे काम होते. दुरुस्ती केली आणि फाईल सेव्ह होत असतानाच संगणक थिजला. पुन्हा सुरू केल्यावर जी फाईल उघडली ती जुनी होती. घाईत ते कोणाच्या ध्यानात आले नाही. पाचशे पत्रिका चुकीच्या वेळेसह छापल्या गेल्या आणि त्या पदरच्या पैशाने पुन्हा छापून द्याव्या लागल्या. त्याहून वाईट म्हणजे आम्ही आधी आमच्या ऑपरेटर मुलावर गेम खेळल्याचा आळ घेतला. नंतर रिपेअरवाल्यावर खराब माल बसवल्याचा संशय धरला आणि त्याचे शेवटचे बिल अडकवून ठेवले. शेवटी दोष सापडला तेव्हा दोघेही निर्दोष ठरले.

तेव्हा हा धडा केवळ संगणकाचा नाही. पुरावा नसताना पैसा कसा वाया जातो आणि बदगुमानी कशी वाढते, हेही त्यात आहे. आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंना तीच ठोकर बसू नये म्हणून तपासाची रीत येथे क्रमवार देत आहोत.

१. सर्वात आधी अमानत सांभाळा

हँग होणाऱ्या संगणकाचे कारण डिस्क असू शकते आणि बिघडत चाललेली डिस्क कोणत्या दिवशी कायमची बंद पडेल हे सांगता येत नाही. म्हणून दुरुस्तीचा विचार करण्यापूर्वी उधारीच्या वह्या, बिले, जीएसटीचे हिशेब, डिझाइन, गिऱ्हाइकांचे फोटो व कागदपत्रे यांची प्रत बाहेर काढून घ्यावी. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवावी आणि एक दुकानाबाहेर, म्हणजे घरी किंवा इंटरनेटवरील साठ्यात. प्रत काढल्यावर दोन-चार फाईली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे.

ज्यांना जीएसटीचे विवरण दरमहा भरावे लागते, त्यांच्यासाठी ११ आणि २० या तारखा ठरलेल्या असतात. संगणक अडला म्हणून तारीख थांबत नाही. मशीन दुरुस्त होते आणि नवेही मिळते, पण गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेली वस्तू गेली की गेली.

२. हँग होणे एकाच प्रकारचे नसते

"संगणक हँग होतो" एवढेच सांगणे म्हणजे डॉक्टरकडे जाऊन "बरे वाटत नाही" म्हणण्यासारखे आहे. नेमके काय होते ते पाहायला शिकावे. ढोबळमानाने पाच प्रकार असतात.

पहिला : एकच प्रोग्राम थांबतो, बाकीचे चालतात. दोष बहुधा त्या प्रोग्रामचा किंवा त्यात उघडलेल्या फाईलचा असतो.

दुसरा : माऊसचा बाण हलतो, पण कोठेही दाबले तरी काही उघडत नाही आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा सारखा पेटलेला राहतो. येथे डिस्क किंवा तिची केबल यांच्यावर पहिला संशय घ्यावा.

तिसरा : सर्व काही थिजते, माऊससुद्धा हलत नाही आणि गाणे चालू असेल तर एकच सूर अडकून वाजत राहतो. येथे रॅम, प्रोसेसर, बोर्ड, ग्राफिक कार्ड किंवा त्यांचे ड्रायव्हर यांच्याकडे पाहावे.

चौथा : संगणक थिजत नाही, एकदम विझतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो. असे बहुधा वीज, एसएमपीएस किंवा अति उष्णता यांमुळे होते.

पाचवा : निळा पडदा येऊन काही अक्षरे दिसतात. बऱ्याच नव्या विंडोज ११ मध्ये हा पडदा काळा असतो. त्यावरील अक्षरांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. तो पुढे उपयोगी पडतो.

हँग झाल्याबरोबर पॉवरचे बटण दाबू नये. आधी कीबोर्डवरील कॅप्स लॉकची कळ दाबावी. तिचा दिवा पेटत-विझत असेल तर संगणकाचा गाभा अजून जागा आहे. अशा वेळी पाच मिनिटे थांबावे, मग कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या कळा एकत्र दाबून पाहाव्यात. केवळ पडदा थिजला असेल तर विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबल्याने ग्राफिकचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो आणि पुष्कळदा काम वाचते. कॅप्स लॉकचा दिवा अजिबात बदलत नसेल तर मात्र बटण धरून बंद करण्यावाचून गत्यंतर नाही.

३. एक वही घाला

आता मुख्य गोष्ट. दुकानात उधारीची वही असते तशी हँगची एक वही घालावी. त्यात सहा रकाने पुरेत : तारीख, वेळ, संगणक सुरू होऊन किती वेळ झाला होता, त्यावर कोणते काम चालले होते, पाच प्रकारांपैकी कोणता प्रकार घडला, आणि त्या घडीला दुकानात आणखी काय चालले होते.

हा शेवटचा रकाना लोक गाळतात आणि नेमके उत्तर त्यातच लपलेले असते. बाजूचे मशीन सुरू झाले का? लाईट मंद झाले का? पंखा बंद होता का? प्रिंटरवर छपाई सोडली होती का? कोणी पेनड्राईव्ह लावला होता का?

वहीच्या जोडीला विंडोज स्वतःही रोजनिशी लिहीत असते. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी हिस्ट्री' शोधली की दिवसवार तक्ता उघडतो आणि बिघाडाच्या दिवसांवर तांबडी फुली दिसते. त्याहून तपशीलवार नोंद 'इव्हेंट व्ह्यूअर'च्या 'सिस्टीम' भागात असते. तेथे आपल्या वहीतील वेळ शोधावी आणि त्याच्या आधीची पाच-दहा मिनिटे पाहावीत.

येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक हँगनंतर तेथे 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसते. नावात पॉवर आहे म्हणून अनेक जण लगेच एसएमपीएस बदलतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. आपणच बटण दाबून बंद केला, तरी ती उमटते. तो परिणाम आहे, कारण नव्हे. 'डिस्क' नावाखाली ७ क्रमांक असेल तर डिस्कवरचा एखादा भाग खराब झाल्याची खूण असते. १२९ क्रमांकाची 'रीसेट टू डिव्हाईस' ही नोंद असेल तर डिस्कने वेळेत उत्तर दिले नाही असे समजावे. त्याला डिस्क, केबल किंवा ड्रायव्हर कारणीभूत असू शकतो. 'व्हिया-लॉगर' या नावाची नोंद यंत्रभागातील दोषाकडे बोट दाखवते.

४. एका वेळी एकच बदल आणि तिप्पट मुदत

रिपेअरवाल्याने एकाच दिवशी रॅम बदलली, विंडोज नवीन घातली आणि पंखाही बदलला. त्यानंतर संगणक नीट चालू लागला. आता दोष कशात होता? कोणालाच ठाऊक नाही. पैसे तिन्हींचे गेले आणि शिकायला काही मिळाले नाही. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत लिहावा आणि वाट पाहावी.

वाट किती पाहावी? वहीवरून सरासरी काढावी. तीन दिवसांतून एकदा हँग होत असेल, तर बदलानंतर दोन दिवस शांत गेले यावरून काहीच सिद्ध होत नाही. किमान तिप्पट, म्हणजे नऊ दिवस शांत गेले तर बदल लागू पडला असे म्हणता येईल. सात-आठ तासांतून एकदा होत असेल तर एक दिवस पुरे.

उलट बाजू मात्र फार सोपी असते. एखाद्या कारणाची शक्यता पूर्ण काढून टाकली आणि तरीही संगणक एकदा जरी हँग झाला, तरी ते एकटे कारण बाद होते. 'आहे' हे ठरवायला दिवस लागतात आणि 'नाही' हे ठरवायला एकच प्रसंग पुरतो. या नियमाने आमचा बराच पैसा वाचला असता.

५. तपासाचा क्रम : फुकटापासून महागाकडे

कॅबिनेट उघडण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढावा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि आतल्या भागांना हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करावा. त्याने अंगातील स्थिर वीज निघून जाते.

(क) धूळ आणि उष्णता. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागाजवळ सुताची पिंज असते, मिरजेच्या सतारमेकरांकडे लाकडाचा भुसा, वेल्डिंगच्या दुकानात लोखंडाचा कीस आणि आमच्याकडे कागदाची भुकटी. यातील लोखंडाचा कीस सर्वात घातक, कारण तो वीज वाहून नेतो. धूळ प्रोसेसरवरील हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी बसते आणि हवा अडवते. कॅबिनेट दुकानाबाहेर नेऊन ब्लोअरने साफ करावी, पण हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. नाहीतर ती अति वेगाने फिरून पंखा खराब होतो. बोर्डाला चार पिनांनी बसवलेला हीटसिंक असेल तर एखादी पीन निसटली आहे का ते पाहावे. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधील पेस्ट वर्षानुवर्षे वापराने वाळते. ती पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी.

तापमान दाखवणारे प्रोग्राम फुकट मिळतात. जोराच्या कामातही प्रोसेसर ८० अंशांच्या आत राहिला तर निश्चिंत राहावे. ९० च्या वर जाऊ लागला तर लक्ष द्यावे. अनेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास आपोआप वेग कमी करतात आणि त्याहून तापले की संगणक बंद होतो. वहीत सर्व हँग दुपारी बारा ते चारच्या दरम्यान दिसत असतील आणि छत पत्र्याचे असेल, तर आधी येथेच पाहावे.

(ख) वीज. मोटर सुरू होताना ती चालू असतानाच्या पाच ते सातपट करंट ओढू शकते. त्या क्षणी लाईट मंद होतात आणि त्याच लाईनवरील संगणकाला झटका बसतो. संगणकाला मेन बोर्डावरून वेगळी लाईन, नीट अर्थिंग आणि चांगला यूपीएस द्यावा. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. प्लग काढून तो खरोखर भार उचलतो का ते अधूनमधून पाहावे. लेझर प्रिंटर त्याच यूपीएसवर लावू नये. त्यातील हीटर तापताना एकदम मोठा करंट ओढतो.

(ग) रॅम. काढून, सोनेरी पट्टी स्वच्छ करून, दोन्ही बाजूंच्या खटक्यांचा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवावी. पुष्कळ तक्रारी एवढ्यानेच मिटतात. नंतर 'मेमटेस्ट८६' हा प्रोग्राम पेनड्राईव्हवर घेऊन रात्रभर चालू ठेवावा. किमान चार फेऱ्या होऊ द्याव्यात. चुकांचा आकडा शून्यच हवा. एक चूकही माफ नाही. चूक निघाली आणि रॅमच्या दोन पट्ट्या असतील, तर एकेक लावून परीक्षा घ्यावी.

(घ) डिस्क आणि तिची केबल. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिला 'स्मार्ट' म्हणतात. 'क्रिस्टल डिस्क इन्फो'सारखा फुकट प्रोग्राम ती दाखवतो. साटा केबलच्या हार्ड डिस्कसाठी चार आकडे ध्यानात ठेवावेत. ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांपुढील मूळ आकडा वाढत असेल तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होत आहे. नवी डिस्क घ्यावी. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर बहुधा डिस्क ठीक असते आणि वाटेतली केबल किंवा तिची जोडणी खराब असते. हा आकडा पुन्हा शून्यावर येत नाही, म्हणून तो किती आहे यापेक्षा वाढतो आहे का हे पाहावे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर कोणतीही चाचणी न करता आधी माल बाहेर काढावा.

(च) विंडोज आणि ड्रायव्हर. हँग होणे एखाद्या अपडेटनंतर किंवा नवा प्रिंटर बसवल्यानंतर सुरू झाले असेल, तर तो बदल मागे घेऊन पाहावा. सी ड्राईव्ह काठोकाठ भरलेला नसावा. दोन अँटिव्हायरस एकत्र नसावेत. फुकटात मिळणाऱ्या 'क्रॅक' प्रोग्रामांपासून दूर राहावे. त्यातून विषाणू येतो आणि नुकसान गिऱ्हाइकाच्या अमानतीचे होते. 'शट डाऊन' केल्याने अलीकडील विंडोज पुष्कळदा पूर्ण बंद होत नाही, गाभ्याची स्थिती साठवून ठेवते. स्वच्छ सुरुवात हवी असेल तर 'रीस्टार्ट' करावे. जे बंधू अजून विंडोज १० वर आहेत त्यांनी ध्यानात घ्यावे, की त्या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

दोष विंडोजचा की यंत्राचा, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. पेनड्राईव्हवरून लिनक्स चालवावे आणि दिवसभर त्यावर काम करावे. तेथेही संगणक थिजला तर विंडोज नव्याने घालण्यात फारसा अर्थ नाही.

(छ) एसएमपीएस. हा डबा कधीही उघडू नये. वीज काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार शिल्लक राहतो. जाणत्याने मीटर लावून पाहिल्यास १२ व्होल्टची लाईन ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान असावी. मात्र मीटर क्षणभराची घसरण पकडत नाही. खात्रीची परीक्षा म्हणजे दुसऱ्या चांगल्या संगणकाचा एसएमपीएस लावून पाहणे. विकत घेण्यापूर्वी उसना आणावा.

(ज) बोर्ड आणि प्रोसेसर. हे शेवटी, कारण ते सर्वात महाग. जुन्या बोर्डावरील कपॅसिटरचे डोके फुगले असेल किंवा त्यातून तपकिरी द्रव आला असेल तर उत्तर डोळ्यांसमोर आहे. नवे मशीन नेहमी निर्दोष असते असेही नाही. इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितले जात असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले. त्यासाठी ऑगस्ट २०२४ पासून बायोसमार्फत सुधारणा दिली आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर असेल तर बायोस अद्ययावत आहे का ते पाहावे. आधीच झिजलेला प्रोसेसर मात्र सुधारणेने बरा होत नाही. तो वॉरंटीत बदलून घ्यावा लागतो.

६. आमचा दोष कसा सापडला

आता आमची हकिकत. आमचे डिझाइनचे काम लाकडी पोटमाळ्यावर चालते आणि खाली क्रीझिंग व नंबरिंगसाठी जुनी ट्रेडल मशीन आहे. संगणक हँग होऊ लागल्यावर रिपेअरवाल्याने रॅम बदलली. नऊ दिवस ठीक गेले. पुन्हा सुरू झाले तेव्हा तो संगणक स्वतःच्या दुकानी घेऊन गेला, विंडोज नव्याने घातली आणि दोन दिवस चालवून पाहिला; तेथे एकदाही हँग झाला नाही. आमच्याकडे आला आणि आठवड्यात तेच. तिसऱ्या वेळी एसएमपीएस बदलला. पुन्हा काही दिवस शांत आणि पुन्हा तेच. सर्व मिळून सहा हजार आठशे रुपयांचे बिल झाले. त्याच्याकडे चालतो आणि आमच्याकडे बिघडतो, याचा अर्थ तो आपल्याला फसवतो आहे, असे आम्ही ठरवून मोकळे झालो आणि एसएमपीएसचे अठराशे रुपये रोखून धरले.

मग ज्या मुलावर आम्ही आळ घेतला होता, त्यानेच वही घातली. कामाच्या बारा दिवसांत सात वेळा हँग झाला. सातही वेळा प्रकार दुसरा होता : माऊस हलतो, दिवा पेटलेला, काही उघडत नाही. शेवटच्या रकान्यात सातपैकी सहा वेळा एकच शब्द होता, 'ट्रेडल'. सातव्या वेळी ट्रेडल बंद होती, पण हमाल कागदाचे रिम पोटमाळ्यावर चढवत होते.

आम्ही म्हटले, मोटरमुळे वीज घसरते. ही शंका चुकीची नव्हती, पण ती तपासली. ट्रेडल चालू ठेवून यूपीएसचा प्लग भिंतीतून काढला आणि दहा-दहा मिनिटे बॅटरीवर काम केले. चौथ्या वेळी बॅटरीवर असतानाच संगणक थिजला. बाहेरच्या विजेची बाजू एका प्रसंगात बाद झाली. शिवाय हमाल रिम चढवतात त्याने वीज थोडीच घसरते! वीज नाही तर उरले काय? हादरा.

मग संगणक खाली आणून कडप्प्याच्या पक्क्या ओट्यावर ठेवला. ट्रेडल दिवसभर चालू होती. आमची सरासरी दोन दिवसांहून थोडी कमी होती, म्हणून सहा दिवस पुरे होते. आम्ही आठ दिवस थांबलो. एकदाही हँग नाही. इव्हेंट व्ह्यूअर उघडून पाहिला तर वहीतील सातही वेळांना १२९ क्रमांकाची नोंद उभी होती. डिस्कच्या 'स्मार्ट' नोंदीत ५, १९७ आणि १९८ स्वच्छ होते, पण १९९ चा आकडा दोनशेच्या वर गेलेला होता.

तेव्हा कोठे कॅबिनेट उघडली. डिस्कची केबल बिनखटक्याची, जुनी, टोकाशी ढिली. पोटमाळ्याच्या फळ्या हादरल्या की तिचा संपर्क क्षणभर तुटत असे. डिस्क उत्तर देत नसे आणि विंडोज तिची वाट पाहत थिजून जाई. रॅम किंवा एसएमपीएस बदलण्यासाठी कॅबिनेट उघडली की हात लागून केबल घट्ट बसे आणि काही दिवस बरे जात. रिपेअरवाल्याच्या दुकानात टेबल स्थिर होते, म्हणून तेथे दोष दिसत नव्हता. त्याने बसवलेला माल चांगला होता. फक्त त्याची गरज नव्हती. आणि ती गरज नाही हे त्याला कळावे, असे काहीच आम्ही त्याला सांगितले नव्हते.

दीडशे रुपयांची खटक्याची नवी केबल लावली आणि संगणक मुद्दाम पुन्हा पोटमाळ्यावर ठेवला. १९९ चा आकडा तेथेच थांबला. पुढे हँगची वही रिकामी राहिली. त्यानंतर खबरदारी म्हणून कॅबिनेटखाली रबराचे तुकडे घातले. रिपेअरवाल्याचे अठराशे रुपये त्याच्या दुकानी नेऊन दिले आणि माफी मागितली. मुलाची माफी सर्वांसमोर मागितली, कारण आळही सर्वांसमोरच घेतला होता.

७. रिपेअरवाल्याकडे जाताना

प्रत्येकाने स्वतः कॅबिनेट उघडावी असे आम्ही म्हणत नाही. ज्याचे काम त्यानेच करावे. परंतु वही सोबत न्यावी आणि हँगचा प्रकार सांगावा. संगणक कोठे ठेवलेला असतो, आजूबाजूला कोणती मशीन चालते, हेही सांगावे. शक्य असेल तर त्याला जागेवर बोलवावे. "काय लागेल ते बदला" असे म्हणू नये. काय बदलणार आणि कोणत्या पुराव्यावरून, हे विचारावे. बदललेला जुना भाग परत घ्यावा. संगणक दुकानाबाहेर जाणार असेल तर गिऱ्हाइकांची कागदपत्रे असलेली डिस्क शक्यतो काढून ठेवावी.

आणि रिपेअरचा धंदा करणाऱ्या आमच्या बंधूंनाही एक विनंती. दोष सापडला नसेल तर "सापडला नाही" असे सांगण्यात कमीपणा नाही. अंदाजाने बदललेल्या भागाचे बिल एकदा मिळते, पण गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सहा रकान्यांचा छापील कागद द्या आणि आठ दिवसांनी भरून आणायला सांगा.

तात्पर्य, संगणक वाटेल तेव्हा हँग होतो असे आपण म्हणतो, पण यंत्र लहरीवर चालत नाही. कारण असतेच, आपण ते लिहून ठेवलेले नसते एवढेच. आधी माल बाहेर काढा, मग प्रकार ओळखा, वही घाला, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तिप्पट मुदत थांबा. आणि कारण हाती लागेपर्यंत पाकीट आणि जीभ, दोन्ही आवरून धरा. केबल दीडशे रुपयांत बदलता आली; मुलाच्या मनातला सल निघायला मात्र पुष्कळ दिवस लागले.